ग्रंथकर्त्याची सही

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेला माणूस दुसरे काही करो वा न करो, सह्या मात्र भरपूर करतो. हजेरीपट, प्रगतिपुस्तके, पगारपत्रक, अक्षर दासोहाच्या तांदळाचा हिशेब, शाळा सोडल्याचे दाखले. दिवस उजाडला की सही आणि मावळला की सही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतील शेवटची अकरा वर्षे मी या खुर्चीत काढली. या सगळ्या सह्या एकापुढे एक मांडल्या तर बेळगावाहून निघून खानापूर ओलांडून लोंढ्यापर्यंत पोहोचतील, असे आमचे कारकून थट्टेने म्हणतात. पण एवढ्या सह्यांत एकदाही माझा हात अडखळला नव्हता. तो अडखळला २०२४ सालच्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, बेळगावातील एका पुस्तकांच्या दुकानात. समोर माझेच पुस्तक होते आणि सही मागणारा माझाच जुना विद्यार्थी होता.

त्या सकाळची ही हकीकत. मात्र इतिहासाच्या शिक्षकाची एक खोड असते. जिथे पाऊल अडते तिथे तो मागे वळून पाहतो. सहीची हकीकत सांगताना सहीचा इतिहास सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. वाचकांनी ती खोड सांभाळून घ्यावी.

पुस्तकाविषयी आधी थोडेसे. आमच्या तालुक्यातील जुन्या मराठी शाळांचा इतिहास लिहावा, हे मनात येऊन बरीच वर्षे झाली होती. नऊ उन्हाळी सुट्ट्या त्यात गेल्या. गावोगावच्या शाळांची जनरल रजिस्टरे, तपासणी अधिकाऱ्यांची शेरेबुके, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिका, दगडी फलक आणि वृद्ध शिक्षकांच्या आठवणी, एवढी माझी साधनसामग्री. लिहून झाल्यावर पुण्याच्या दोन प्रकाशकांना बाड पाठविले. दोघांनीही अतिशय सभ्य भाषेत, विषय फार स्थानिक आहे, असे कळविले. ते खोटेही नव्हते. शेवटी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि ५०० प्रती स्वतःच छापून घेतल्या. पहिल्या दीडशे प्रती 'सप्रेम भेट' या दोन शब्दांखाली वाटण्यात संपल्या. या दोन शब्दांचा मराठी ग्रंथव्यवहारातील इतिहास फारसा सुखाचा नाही. रद्दीच्या दुकानात जी पुस्तके सर्वांत कोरी आढळतात, त्यांच्या पहिल्या पानावर बहुधा हेच शब्द असतात.

दुकानाचे मालक माझ्या परिचयाचे. ते म्हणाले, ''सर, फुकट वाटलेलं पुस्तक कोण वाचतं? एका रविवारी दुकानात येऊन बसा. लोक विकत घेतील, तुम्ही सही करून द्या. मोठे लेखक पुण्या-मुंबईत असंच करतात.'' मी मोठा लेखक नाही हे त्यांनाही ठाऊक होते. पण बोलण्याच्या ओघात आपण होऊन जातो.

त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून साडेदहालाच हजर झालो. दुकानात मुख्यतः गाईडे, वह्या, पंचांगे आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके. दाराजवळ एक टेबल मांडून, त्यावर माझ्या पुस्तकाच्या चळती रचून, मालकांनी 'लेखक आपल्या भेटीला' असा कागद चिकटविला होता. पहिली पाऊण तास लेखकाच्या भेटीला कोणीही आले नाही. जे आले त्यांनी मला दुकानातला नोकर समजून नववीच्या गणिताचे गाईड मागितले. मीही काढून दिले. स्वतःचे एकही पुस्तक विकण्यापूर्वी मी तीन गाईडे विकली होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

मग तो विद्यार्थी आला. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत तो काम करतो. त्याने खिशातून मोजून पैसे दिले, प्रत घेतली आणि माझ्यापुढे उघडून धरली. ''सर, काहीतरी लिहून द्या.'' मी पेन टेकविले आणि थबकलो. याच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी तीन वर्षे 'गणिताकडे लक्ष द्यावे' असे लिहीत आलो होतो. आता काय लिहायचे? माझी अडचण त्याच्या ध्यानात आली असावी. हसून म्हणाला, ''सर, आता शेरा नको. सही द्या.''

मी नाव लिहिले, खाली तारीख घातली. तो गेला. पण प्रश्न टेबलावर तसाच राहिला. लेखक पुस्तकावर सही करतो म्हणजे नेमके काय करतो?

*

'सही' हा शब्द आपल्याकडे अरबी 'सहीह'वरून आला. त्याचा मूळ अर्थ खरे, बरोबर, निर्दोष. हिंदीत आजही 'सही' म्हणजे बरोबर. मजकूर वाचला, तो बरोबर आहे, अशी कबुली म्हणजे सही. आणि मराठीत त्या कबुलीखालच्या नावालाच सही म्हणण्याचा प्रघात पडला. आमच्या सीमाभागातील गंमत अशी, की कन्नडातही सहीला 'सही'च म्हणतात. बाकी कशावरून वाद असले तरी दोन्ही भाषा कबुली देतात ती एकाच शब्दाने.

मराठेशाहीच्या कागदांत मात्र आज आपण जिला सही म्हणतो तिच्याहून शिक्क्याचे महत्त्व अधिक. शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर राजमुद्रा असते आणि मजकूर जिथे संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा. हेच मोर्तब. येथे पत्राची मर्यादा झाली, यापुढे कोणी एक अक्षर वाढवील तर ते खोटे, असा त्याचा अर्थ. पेशवाईतील पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' हा शिक्का येतो, त्याचेही काम तेच. 'शिक्कामोर्तब' हा आपला रोजचा शब्द या व्यवहारातून आलेला आहे.

हे झाले राज्यकर्त्यांचे. गावच्या गोतसभेत जमणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या माणसांनी काय करावे? त्यांच्या निशाण्या होत्या. महजरांच्या तळाशी पाटील-कुणब्याच्या नावापुढे नांगर काढलेला असे. बलुतेदार आपापल्या हत्याराचे चित्र काढीत आणि स्त्रियांची निशाणी म्हणून बांगडी आढळते. मोडी कागद वाचायला शिकत असताना मी प्रथम तो नांगर पाहिला, तेव्हा मला तो फार आवडला. नाव लिहिता येत नसले तरी त्या माणसाने आपले काम लिहून ठेवले होते.

पुढे नांगराची जागा अंगठ्याने घेतली. त्याची सुरुवातही याच देशातली. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सगळ्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, एवढाच त्याचा प्रथम हेतू. नंतर ठशातील रेषा माणसागणिक वेगळ्या असतात हे त्याच्या ध्यानात आले आणि १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे सरकारी कार्यालय सुरू झाले. आपण 'अंगठेबहाद्दर' म्हणून ज्याला हसतो, त्याची खूण सहीपेक्षा पक्की असते. सहीची नक्कल सहज होते, अंगठ्याची तशी होत नाही. हे वाक्य वाचकांनी मनात ठेवावे. त्याची गरज पुढे पडणार आहे.

आता ग्रंथांकडे येऊ. छापखाना येण्यापूर्वी आपल्या कवींनी सही कवितेच्या आतच करून ठेवली. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'म्हणे जनी' या नाममुद्रा म्हणजे एका अर्थाने सह्याच. अभंग तोंडातोंडी हजार ठिकाणी गेला तरी कर्त्याचे नाव त्याच्यापासून सुटू नये, ही सोय त्यात होती. आणि आमच्या शेजारच्या कन्नडात याहून निराळा प्रकार. बाराव्या शतकातील वचनकारांच्या वचनाच्या शेवटी स्वतःचे नाव नसते, आपल्या देवाचे असते. बसवण्णांच्या वचनात 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवीच्या वचनात 'चन्नमल्लिकार्जुन', अल्लमप्रभूंच्या वचनात 'गुहेश्वर'. याला ते 'अंकित' म्हणतात. आमच्या शाळेतील कन्नडच्या गुरुजींनी मला हे समजावून सांगितले तेव्हा म्हणाले होते, ''तुमचे संत सही करतात, आमचे शरण साक्षीदार उभा करतात.''

छापखाना आला आणि सगळेच बदलले. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला आणि फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पण मराठी छपाई खऱ्या अर्थाने सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. पोथी चोरण्यासाठी ती सबंध उतरून काढावी लागे. छापील पुस्तकाचे तसे नाही. दुसऱ्या छापखान्यात खिळे जुळविले की चोरी पूर्ण, आणि तीही पाचशे प्रतींची.

यावर ग्रंथकर्त्याच्या हाती उपाय एकच होता, सही. फ्रान्समध्ये १७९३ साली लेखकांच्या हक्कांचा कायदा झाला, आणि त्यानंतर तेथील पुस्तकांवर अशी सूचना दिसू लागली की ज्या प्रतीवर ग्रंथकाराची सही नसेल ती बनावट समजावी. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १८४७ साली आला आणि पुस्तकांच्या नोंदणीचा पंचविसावा आक्ट १८६७ साली. त्या काळची पुस्तके ज्यांनी जुन्या वाचनालयांत हाताळली असतील त्यांना आठवेल, की मुखपृष्ठाच्या मागे त्या आक्टाचा उल्लेख असतो आणि कधी कधी ग्रंथकर्त्याच्या सहीशिवायची वा शिक्क्याशिवायची प्रत चोरीची समजावी, अशी ताकीदही असते. म्हणजे लेखकाची सही मुळात प्रेमाने दिलेली नव्हे. ते कुलूप होते. 'हे माझे आहे, हात लावू नका', एवढाच तिचा मजकूर.

त्याच पुस्तकांत दुसरी एक गोष्ट भेटते, ती आश्रयदात्यांची यादी. पुस्तक निघण्यापूर्वी पैसे भरणाऱ्यांची नावे गावासह छापलेली असत. लेखकाची सही वाचकाला दूर ठेवीत होती आणि ही यादी वाचकाला पुस्तकाच्या आत घेत होती. आज आपण दुकानात बसून वाचकाचे नाव विचारून पहिल्या पानावर लिहितो, तेव्हा नकळत या दोन्ही प्रथा एकत्र आणतो, असे मला वाटते. कुलपाचे काम पुढे कायद्याने आपल्याकडे घेतले. १९१४ च्या आणि नंतर १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क लिहिताक्षणीच मान्य केला, त्यासाठी प्रत्येक प्रतीवर खूण करण्याची गरज उरली नाही. सही मोकळी झाली आणि मोकळी झाल्यावरच ती भेट झाली.

पण सही करण्याची वेळ तरी सगळ्यांवर कुठे येते? ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुढाकार घेतला होता. दुसऱ्या संमेलनाच्या वेळी, १८८५ साली, जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले. ते आले नाहीत. ज्यांच्या पुस्तकांत आमच्या दुःखाला जागा नाही त्यांच्या सभेत आम्ही बसून काय करावे, अशा आशयाचे पत्र त्यांनी धाडले. ग्रंथकार कोण, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. कोणाचे नाव ग्रंथात येतच नाही, हा होता. मी हे पत्र वर्गात अनेकदा शिकविले आहे. शिकविणे आणि कळणे यांत अंतर असते, हे त्या रविवारी समजले.

आमच्या या मुलखाशी जोडलेली एक सल मला नेहमी आठवते. केशवसुत खानदेशातील फैजपूरच्या शाळेत मुख्याध्यापक होते. तेथून १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने गेले. त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले ते त्यानंतर. मराठी कवितेचे वळण बदलणाऱ्या या कवीने स्वतःच्या पुस्तकावर कधी सही केली नाही, कारण ते त्याने पाहिलेच नाही. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुस्तक हाती आले असते, तर त्यांनी त्यावर काय केले असते? अंगठाच उठविला असता. आणि त्या प्रतीला आज कोणत्याही सहीपेक्षा अधिक मोल आले असते.

*

आता दुकानात परत येतो. बारा वाजता आमचे कन्नडचे निवृत्त गुरुजी आले. त्यांना मराठी उत्तम बोलता येते, वाचायला वेळ लागतो. तरी त्यांनी प्रत विकत घेतली आणि म्हणाले, ''सर, सही कन्नडात करा. म्हणजे निदान एक ओळ मी झटकन वाचीन.'' मी केली. आणखी काही जुने विद्यार्थी आले, एक निवृत्त पोस्टमास्तर आले, दोन शिक्षिका आल्या. एकूण बावीस प्रती गेल्या. मी समाधानात होतो. एक वाजायला आला होता.

तेवढ्यात एक मुलगी आपल्या आजीचा हात धरून आत आली. मुलगी बी.एड. करणारी, आजी ऐंशीच्या घरातली. त्यांच्या गावच्या शाळेला मी 'सप्रेम भेट' दिलेली प्रत या मुलीने वाचली होती. पानन् पान वाचली होती. सप्रेम भेट कोणी वाचीत नाही, हे माझे मत तेथेच चुकीचे ठरले. तिने नवी प्रत विकत घेतली आणि माझ्यापुढे ठेवली. पण उघडली ती पहिल्या पानावर नव्हे, त्रेसष्टाव्या पानावर.

आजीबाई म्हणाल्या, ''गुर्जी, तुमी चांगलं लिव्हलासा. पर आमची जागा पाटलाची केलासा.''

त्या पानावर मी लिहिले होते, की गावच्या पाटलांनी १९३८ साली शाळेसाठी दीड एकर जागा दिली. आधार होता शाळेच्या ओट्यातील दगडी फलक आणि १९८८ सालची स्मरणिका. आजीबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. ''आदी ह्ये वाचा. मग सई करा.''

स्टँपपेपरवर मोडीत लिहिलेले बक्षीसपत्र होते. मी वाचू लागलो, हळूहळू, मोठ्याने. दुकानातले लोक गप्प झाले. जमीन होती आजीबाईंच्या सासूची. नवरा गेलेला, पदरात एक लहान मुलगा, नावावर थोडी जमीन. त्यातली दीड एकर तिने लोकल बोर्डाच्या शाळेला दिली होती, गावातली पोरे पावसाळ्यात देवळात बसून शिकतात म्हणून. पाटील होते साक्षीदार. तळाशी पाटलांची ठळक, वळणदार सही होती आणि तिच्यावर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' या शब्दांशेजारी एक निळसर ठसा. ज्याची सही होती त्याचे नाव दगडावर गेले. जिचा अंगठा होता तिचे नाव कागदातच राहिले. आणि मी, मोडी वाचता येणारा इतिहासाचा एम.ए., दगड वाचून परत आलो होतो.

''मावशी, चूक माझी आहे,'' मी म्हणालो.

''चुकी तुमची न्हवं. दगडावर हाय तेच तुमी लिव्हलासा,'' त्या शांतपणे म्हणाल्या. ''पर दगूड कुणी बसिवला, ते तरी इचारायचं हुतं.''

इतिहासलेखनाची पद्धत मी दोन वर्षे विद्यापीठात शिकलो. साधनांची चिकित्सा कशी करावी यावर मी परीक्षेत पाने भरून लिहिले होते. ते सगळे या बाईंनी एका वाक्यात सांगितले.

मी पेन घेतले, त्रेसष्टाव्या पानावरील ती ओळ खोडली, समासात त्यांच्या सासूबाईंचे नाव लिहिले आणि खाली सही केली. त्या क्षणी हात अडखळला नाही. लेखकाची सही कशासाठी असते ते मला तेव्हा उमगले. मजकूर बरोबर आहे, आणि नसेल तर जाब मला विचारा, एवढेच तिने सांगायचे असते. शब्दाचा मूळ अर्थ तरी दुसरा कोणता आहे?

आजीबाईंनी पान नातीकडून वाचून घेतले. मग त्यांनी टेबलावरच्या चळतीकडे पाहिले. ''ह्ये एक सुदारलासा. बाकीच्यांचं काय?''

*

पुढच्या आठवड्यात मी सबरजिस्ट्रार कचेरीतून बक्षीसपत्राची नक्कल काढली. अक्षरन् अक्षर जुळले. एकाच कागदावर विसंबण्याची चूक दुसऱ्यांदा करायची नव्हती, म्हणून त्या गावी जाऊन आणखी तीन वृद्ध माणसांना भेटलो. तिघांनाही ती गोष्ट ठाऊक होती. ''मग मी आधी आलो तेव्हा का सांगितलं नाही?'' असे विचारल्यावर एकजण म्हणाले, ''तुमी शाळंत गेलासा, मास्तरास्नी भेटलासा, परत गेलासा. आमाला कुटं इचारलासा?'' पाटलांच्या घरीही गेलो. त्यांच्या नातवाने खळखळ न करता सांगितले, की आजोबांनी स्वतः कधी जागा आपली म्हटली नव्हती. फलक त्यांच्या मागाहून बसविला गेला. हेही लिहिणे माझे कर्तव्य आहे, नाहीतर एक अन्याय निस्तरताना दुसरा व्हायचा.

घरी २७० प्रती होत्या. शुद्धिपत्र छापून चिकटविणे सोपे होते. पण सुटे शुद्धिपत्र कोणी वाचीत नाही, आणि चिकटविलेला कागद दोन पावसाळ्यांत निघून येतो. म्हणून रोज रात्री जेवणानंतर बसून प्रत्येक प्रतीत त्रेसष्टावे पान काढले, ओळ खोडली, नाव लिहिले, सही केली. सौभाग्यवती प्रती उघडून देत होत्या आणि शाई वाळली की मिटून ठेवीत होत्या. बारा रात्री लागल्या. दाखल्यांवरच्या माझ्या सगळ्या सह्या एका पारड्यात टाकल्या तरी या बारा रात्रींचे पारडे जड राहील.

बाहेर गेलेल्या २३० प्रतींचा शोध अजून चालू आहे. आजवर एकशे चाळीस सापडल्या. कन्नडचे गुरुजी पुस्तक घेऊन स्वतः घरी आले. फाउंड्रीतला विद्यार्थी म्हणाला, ''सर, म्हणजे तुमच्याही प्रगतिपुस्तकावर शेरा आला तर!'' एक प्रत मला शहरातील रद्दीच्या गाड्यावर मिळाली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात 'सप्रेम भेट' होते. कोणाला, ते सांगत नाही. मी ती वीस रुपये देऊन विकत घेतली, त्रेसष्टावे पान सुधारले आणि त्या गावच्या शाळेत देऊन आलो.

सुज्ञ वाचक विचारतील, की इतके लिहिले, मग त्या माउलीचे नाव या लेखात का नाही? मलाही ते लिहावयाचे होते. लेख लिहिण्याआधी मी आजीबाईंकडे परवानगी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, ''आदी शाळंत लावा. मग पेपरात घाला.'' शाळा सुधारणा कमिटीने ठराव केला आहे. येत्या २६ जानेवारीला ओट्यातील जुन्या फलकाशेजारी नवा फलक बसेल. जुना काढायचा नाही, असे पाटलांच्या नातवासह सर्वांनी ठरविले आहे. चूकही इतिहासाचाच भाग आहे. तोवर ते नाव माझ्या पुस्तकाच्या त्रेसष्टाव्या पानावर, माझ्या अक्षरात आहे.

ज्या कोणा वाचकाकडे ते पुस्तक असेल, त्याने कृपया एकदा ते पान उघडून पाहावे. ओळ खोडलेली नसेल, तर मला कळवावे. मी पेन घेऊन येईन.